तुरटी पोत्याने नको, जार पाहून घाला : कृष्णा-वारणाकाठच्या ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, ग्रामसेवक, पाणीपुरवठा समितीचे सदस्य आणि जलशुद्धीकरण केंद्रांवरचे कर्मचारी,
कृष्णा आणि वारणाकाठची गावे, जि. सांगली

सप्रेम नमस्कार.

मृगाचे चार पाऊस झाले की कृष्णेचे पाणी चहाच्या रंगाचे होते आणि गावोगाव नळाला माती येऊ लागते. ओरड झाली की केंद्रावर तुरटीचे एक पोते जास्त फुटते, टीसीएलचे (ब्लीचिंग पावडरचे) मापही वाढते. तरी पाणी तसेच. मग तुरटी भेसळीची म्हणून ठेकेदाराच्या नावाने बोटे मोडायची आणि ऑपरेटरला नोटीस काढायची. कधी तुरटी खरोखर हलकी असते, पण बहुतेक वेळा दुखणे दुसरीकडे असते. मातीचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाला बसतात, म्हणून पाणी निवळते. तुरटी फक्त चिकटण्याची सोय करते. पुंजका तयारच झाला नाही, किंवा झाला आणि वाटेत फुटला, तर पोती दुप्पट करून हाती काही लागत नाही.

पुराच्या पाण्यात वाळू असते, पोयटा असतो आणि चिकणमाती असते. वाळूची चिंता नको. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण ३ मीटर खोल टाकीत सहा-सात मिनिटांत तळ गाठतो. चिकणमातीचा कण २ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. अगदी स्तब्ध पाण्यात तेवढेच अंतर उतरायला त्याला आठ-दहा दिवस लागतात. कण १ मायक्रॉनचा असेल तर त्याच्या चौपट, महिन्याहून जास्त. कारण आकार निम्मा झाला की उतरण्याचा वेग चौथाई होतो. आपल्या टाकीत पाणी थांबते जेमतेम दोन-अडीच तास. एकेकटा कण बसण्याची वाट पाहण्यात अर्थच नाही.

हे कण आपले आपण का चिकटत नाहीत? आपली माती बेसाल्टच्या खडकातून आलेली, काळी, फुगणारी. तिच्या प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो आणि सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर ढकलतात. मिरज-वाळव्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळ्या नावाने माहीत आहे. चोपण रानात पाऊस पडला की डबक्यातले पाणी दिवसेंदिवस गढूळच राहते. तिथल्या मातीला सोडियम लागलेला असतो आणि सोडियम कणांना सुटे ठेवतो. त्यात जिप्सम टाकले की कॅल्शियम येतो, कण जवळ येतात, माती पुन्हा भुसभुशीत होते. अशा रानातून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला येणारा गढूळपणा निवळायला जड जातो. त्यामुळे शेजारच्या गावाचा तुरटीचा आकडा आपल्याला लागू पडेलच असे नाही.

आता जरा घाटाखाली पाहू. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे पाणी दोन वाटांनी जाते. एक वाट पाटणवरून कराडच्या प्रीतिसंगमात कृष्णेला मिळते आणि आपल्याकडे येते. दुसरी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहाकडे उतरते, पुढे वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीत जाते. खाडीत गोड्या पाण्याला समुद्राचे पाणी भेटते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ. पण नदीच्या पाण्यात लिटरला दोन-चार ग्रॅम मीठ मिसळेपर्यंतच मातीच्या कणांचे पुंजके धरू लागतात. थोडा सोडियम कणांना सुटे ठेवतो, हे चोपण रानात दिसले. तोच सोडियम भरपूर झाला की कणाभोवतीचे भाराचे कवच दाबले जाते, कण अगदी जवळ येतात आणि चिकटतात. शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत चिकट पदार्थ त्यांना बांधून ठेवतो. आपण जे काम तुरटीला देतो, ते खाडीत मीठ करते.

खाडी आणखी एक गोष्ट दाखवते आणि केंद्र चालवणाऱ्याने ती मनात पक्की करावी. भरती-ओहोटीचे पाणी वाहते तेव्हा घुसळण होते. मंद घुसळणीत कण एकमेकांवर आदळतात आणि पुंजका वाढतो. प्रवाह जोरात आला की तोच पुंजका फाटतो, तळाचा गाळही पुन्हा उठतो. भरती संपून ओहोटी लागण्याच्या मधल्या थोड्या वेळात पाणी थबकते आणि तेवढ्यात मोठे पुंजके झपाझप खाली बसतात. तळाशी जड खारे पाणी आत सरकत असते, वरून हलके गोडे पाणी समुद्राकडे जात असते. खाली बसलेले पुंजके त्या खालच्या पाण्याबरोबर पुन्हा आत ओढले जातात. म्हणून खाड्यांमध्ये गोडे-खारे जिथे भेटते, तिथे एक पट्टा कायम सर्वांत गढूळ असतो. जास्त घुसळण, कमी घुसळण आणि विसावा यांचा हा खेळ निसर्ग रोज खेळतो. आपल्या केंद्रात तो क्रम आपल्यालाच लावावा लागतो: आधी क्षणभर जोरात, मग बराच वेळ हळू, मग अजिबात नाही.

पहिला जोराचा भाग म्हणजे फ्लॅश मिक्सर. तुरटीतल्या अॅल्युमिनियमवर तीन धन भार असतात, त्यामुळे कण जवळ आणण्यात तो मिठातल्या सोडियमपेक्षा शेकडो पटीने बलवान. पण पाण्यात पडल्यावर त्याची रासायनिक क्रिया सेकंदाच्या आत उरकते. तेवढ्यात तो सगळ्या पाण्यात पसरला नाही, तर अर्ध्या पाण्याला जास्त आणि अर्ध्याला काहीच नाही. फ्लॅश मिक्सरमध्ये पाणी ३० ते ६० सेकंद थांबावे आणि तुरटीचे द्रावण पंख्याच्या अगदी जवळ, जिथे भोवरा सर्वांत जोरात आहे, तिथे पडावे. अनेक केंद्रांवर द्रावणाची नळी घसरून कोपऱ्यातल्या शांत पाण्यात पडत असते. मिक्सरची मोटर जळालेली असेल तर नळी चॅनेलमधल्या उडीच्या जागी, पाणी वरून कोसळते तिथे, आडवी भोके पाडून बसवावी. तुरटीची ढेकळे पोत्यासकट चॅनेलमध्ये सोडण्याची सवय मात्र आजच मोडा. ढेकूळ किती विरघळले हे कोणालाच कळत नाही. सकाळी जास्त, रात्री काहीच नाही, असे होते.

द्रावण १० टक्क्यांचे करावे: १,००० लिटरच्या टाकीत १०० किलो तुरटी, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळून. आता हिशेब. दिवसाला १० लाख लिटरचे केंद्र २४ तास चालते, म्हणजे तासाला सुमारे ४१,७०० लिटर. जार टेस्टमध्ये (ती पुढे सांगितली आहे) ४० मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रा ठरली, तर दिवसाला ४० किलो तुरटी, तासाला १.६७ किलो. १० टक्क्यांच्या द्रावणात ते तासाला १६.७ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे २८० मिलिलिटर. नळीखाली मोजपात्र धरा, घड्याळ लावा, एक मिनिट भरू द्या. २८० भरले पाहिजे. हे दर पाळीला एकदा करा, कारण टाकीतली पातळी उतरली की धार आपोआप बारीक होते आणि नळीच्या तोंडाशी गाळ बसतो. केंद्र १२ तासच चालत असेल तर आकडा तासाच्या पाण्यावरून काढा, दिवसाच्या पाण्यावरून काढू नका. इथली चूक मात्रा सरळ निम्मी करून टाकते.

आता जार टेस्ट. आमच्या मते पावसाळ्यात केंद्रावर हिच्याइतके मोलाचे दुसरे काम नाही. १० ग्रॅम तुरटी १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा १ मिलिलिटर १ लिटर पाण्यात टाकला की मात्रा होते १० मिलिग्रॅम प्रति लिटर. सहा जारमध्ये एकाच बादलीतले कच्चे पाणी प्रत्येकी १ लिटर घ्या. साध्या गढूळ पाण्याला १, २, ३, ४, ५, ६ मिलिलिटर. पुराच्या पाण्याला ४, ६, ८, १०, १२, १४. सगळ्या जारमध्ये एकदम टाका. मिनिटाला १०० फेऱ्यांनी १ मिनिट ढवळा, मग ३० फेऱ्यांनी २० मिनिटे, मग यंत्र बंद आणि ३० मिनिटे कोणीही हात लावायचा नाही. यंत्र नसेल तर एक लिटरच्या सारख्या काचेच्या बरण्या आणि सारख्या लाकडी पट्ट्या घेऊन दोन माणसांत होते. सगळ्या बरण्यांना ढवळणे सारखे पडले पाहिजे, इतकेच.

जारकडे टक लावून पाहा. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच दिसत नाही. मग पाण्याचा एकजीव रंग फुटतो, धुक्यात रवा मिसळावा तसे बारीक कण दिसू लागतात. दहाव्या मिनिटाला ते खसखशीएवढे होतात. चांगल्या जारमध्ये दोन पुंजक्यांच्या मधले पाणी काचेसारखे असते. हीच खूण. पुंजके मोठे दिसतात पण मधले पाणी दुधाळ, तर मात्रा अजून कमी आहे. पुंजके टाचणीच्या डोक्याएवढेही होत नाहीत आणि तरंगत राहतात, तर मात्रा बरीच कमी, नाहीतर पाण्याची क्षारकता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, संपलेली. शेवटच्या जारमध्ये पाणी पुन्हा गढूळ दिसले तर मात्रा जास्त झाली आहे: कणांवर आता धन भार चढला आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागले. तुरटी वाढवली तरी पाणी सुधारत नाही, याचे एक कारण हे. शिवाय जादा अॅल्युमिनियम नळापर्यंत जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची कमाल सवलतीची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. वरून दोन-तीन सेंटिमीटर खालचे पाणी सिरिंजने काढून गढूळपणा मोजा. १० एनटीयूच्या (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) आत आणणारी सर्वांत कमी मात्रा, ती आपली मात्रा.

क्षारकतेचा मुद्दा पुरात हमखास विसरला जातो. १ मिलिग्रॅम तुरटी पाण्यातली सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारकता खाते. पावसाच्या पाण्याने नदी पातळ झालेली असते, क्षारकता आधीच उतरलेली. त्यात ८० मिलिग्रॅम तुरटी गेली की ४० मिलिग्रॅम क्षारकता संपली, पीएच ६ च्या खाली घसरतो आणि पुंजका धरत नाही. अशा वेळी तुरटी वाढवणे म्हणजे आगीत तेल. पीएच पट्टीने पाहा, साधारण ६.५ ते ७.५ मध्ये तुरटी नीट काम करते. घसरला असेल तर भिजवलेल्या चुन्याचे पाणी द्या, किलो तुरटीमागे फार तर ३५० ते ४०० ग्रॅम चुना. चुना आणि तुरटी एकाच टाकीत कधीही कालवू नका. दोन्ही तिथल्या तिथे वाया जातात.

मात्रा बरोबर, मिक्सिंग बरोबर, तरी पाणी गढूळ असेल तर पुंजका वाटेत फुटतो आहे. फ्लोक्युलेटरमध्ये, म्हणजे हळू ढवळण्याच्या टाकीत, पाणी २० ते ३० मिनिटे असावे आणि ढवळणाऱ्या पाट्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ०.३ ते ०.४ मीटर. २ मीटर व्यासाच्या पाट्याला हे मिनिटाला ३ ते ४ फेऱ्या होतात. पाहणाऱ्याला हे फारच हळू वाटते, म्हणून पुली बदलून वेग वाढवला जातो. तसे करू नका. मोठा पुंजका म्हणजे बहुतांश पाणीच असते, मातीचे कण त्यात विरळ जाळ्यासारखे गुंफलेले. तो बोटाच्या धक्क्यानेही तुटतो आणि एकदा तुटला की पूर्वीइतका मोठा सहसा जुळत नाही. फ्लोक्युलेटरनंतर अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, अरुंद पाइप, उंचावरून पडणारे पाणी, यांतले काहीही असेल तर सगळे काम पाण्यात गेले. बंद पडलेला पाटा तितकाच वाईट. तिथे गाळ साचतो, पाणी एका बाजूने सरळ पळते आणि ३० मिनिटांऐवजी पाच मिनिटांत बाहेर पडते.

याची एक स्वस्त तपासणी आहे. फ्लोक्युलेटरच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात रुंद तोंडाचे १ लिटरचे काचेचे भांडे अलगद बुडवून भरा. नळाने किंवा पाइपने घेऊ नका, पुंजका तिथेच फुटेल. भांडे स्थिर ठेवा आणि एक ठळक पुंजका १० सेंटिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. आपल्या क्लॅरिफ्लोक्युलेटरचा (हळू ढवळणे आणि निवळणे एकत्र करणाऱ्या टाकीचा) पाण्याचा भार दर चौरस मीटरला दिवसाला ३० ते ४० घनमीटर असतो. त्यात सेकंदाला साधारण ०.४ मिलिमीटरपेक्षा हळू उतरणारा पुंजका वरच्या कडेवरून वाहून जातो. १० सेंटिमीटरला चार मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर टाकी तो पुंजका धरणार नाही. मग एकच उपाय: पाणी कमी घ्या. पंप निम्मा केला की टाकीवरचा भार निम्मा होतो.

इथे आम्हाला सरपंचांशी थेट बोलायचे आहे. पुराच्या आठवड्यात गावाला निम्मे पण निवळलेले पाणी देण्याचा निर्णय ऑपरेटर एकटा घेऊ शकत नाही. तो निर्णय आपण आधी, ग्रामसभेत सांगून घ्या. पूर्ण पुरवठ्याचा हट्ट धरला की गाळ फिल्टरवर जातो, फिल्टर दर सहा तासांनी धुवावा लागतो, धुण्यातच पाणी संपते आणि शेवटी पुरवठा बंद पडतो तो पडतोच.

गाळ काढण्याबद्दल. कच्च्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम माती असेल, तर १० लाख लिटरमागे रोज ५०० किलो कोरडी माती टाकीत बसते. तळाचा गाळ १ टक्का घट्ट धरला, तर ती ५० हजार लिटर लगदा होते. पाळीला एकदा व्हॉल्व्ह उघडून हे निघत नाही. पुरात दर दोन-तीन तासांनी उघडा, बाहेर पडणारे पाणी दाट गढूळ आहे तोवर चालू ठेवा, पातळ झाले की बंद करा. गाळ राहिला तर कुजतो, वायू धरतो आणि ढेकळांनी वर येतो. तो नदीत सोडणार असाल तर जॅकवेलच्या (नदीतून पाणी उचलण्याच्या विहिरीच्या) वरच्या अंगाला तरी सोडू नका. शक्य तिथे वाळवण खड्डे करा.

जार टेस्ट पावसाळ्यात दिवसातून दोनदा. येरळेला पाणी आले, किंवा कोयना-चांदोलीतून विसर्ग वाढल्याची सूचना आली, की दर चार तासांनी. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांची इशारा पातळी गाठेपर्यंत थांबू नका. पहिल्या लोंढ्यातच सर्वांत जास्त माती असते, पातळी नंतर चढते. पूर ओसरताना उलटी फसगत होते. पाणी डोळ्याला बरे दिसते, गढूळपणा ३० एनटीयूवर येतो, म्हणून मात्रा एकदम उतरवली जाते. पण उरलेले कण सर्वांत बारीक असतात आणि विरळ झाल्याने एकमेकांना भेटतच नाहीत. अशा पाण्याला मंद ढवळणे जास्त वेळ लागते आणि मात्रा गढूळपणाच्या प्रमाणात घटत नाही. पुन्हा जारलाच विचारा.

टीसीएल सर्वांत शेवटी. गढूळ पाण्यात मातीला चिकटलेली घाण क्लोरीन खाऊन टाकते आणि कणांच्या आड लपलेल्या जंतूंपर्यंत ते पोहोचत नाही. फिल्टरनंतरचे पाणी १ एनटीयूच्या आसपास हवे, दुसरा स्रोत नसेल तेव्हाही ५ च्या वर नको. मग चांगल्या, हवाबंद ठेवलेल्या टीसीएलचे हजार लिटरला ५ ग्रॅम हे नेहमीचे माप पुरते. शेवटच्या नळाला ओटी टेस्टमध्ये (उरलेले क्लोरीन रंगावरून पाहण्याच्या चाचणीत) लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे.

केंद्र नसलेल्या वाड्यांनी पुराच्या दिवसांत घरीही हेच करावे. लिटरभर बाटलीत १० ग्रॅम कुटलेली तुरटी विरघळवून ठेवा. २० लिटरच्या बादलीला यातले १०० मिलिलिटर, म्हणजे ५० मिलिग्रॅमची मात्रा. एक मिनिट जोरात, मग दहा मिनिटे अगदी हळू ढवळा, दोन तास झाकून ठेवा. वरचे पाणी चौपदरी फडक्यातून अलगद ओतून घ्या. शेवटचे चार लिटर टाकून द्या. त्यानंतरच मेडिक्लोर (घरगुती क्लोरीनचे द्रावण) घाला किंवा पाणी उकळा. जुन्या बायका निवळीची बी सहाणेवर उगाळून घागरीत फिरवत. कण जवळ आणण्याचेच ते काम होते, आणि तिचे नावही पाणी निवळण्यावरूनच पडले.

आमची मागणी मोठी नाही. मे संपण्याआधी प्रत्येक केंद्रावर सहा जारचे यंत्र, गढूळपणा मोजण्याचे मीटर, पीएच पट्ट्या आणि दोन मोजपात्रे असावीत. फ्लोक्युलेटरचे पाटे आणि फ्लॅश मिक्सरची मोटर रिकाम्या टाकीत फिरवून पाहिलेली असावी. तुरटी घेताना फक्त किलोचा दर पाहू नका. आलेल्या प्रत्येक गाडीतली तुरटी जुन्या तुरटीबरोबर एकाच पाण्यावर जारमध्ये लावा आणि तेवढ्याच निवळणीला किती लागली ते लिहून ठेवा. दर पाळीला वेळ, कच्च्या पाण्याचा गढूळपणा, पीएच, जारची मात्रा, मिनिटाची धार, बसलेल्या पाण्याचा गढूळपणा, गाळाचा व्हॉल्व्ह कधी उघडला, इतके सात रकाने असलेली वही फ्लोक्युलेटरच्या खोलीत दोरीने बांधून ठेवा. ऑपरेटरला नोटीस काढायची वेळ आली तर आधी ती वही मागवा.

आपले,
पाणी शुद्धीकरणाच्या कामातले काही जण,
सांगली